काही वाटतं का तुला?

आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीबाहेर एक पोस्टर आहे. गुडघ्यात डोकं घालून बसलेली एक मुलगी, तिच्या डोक्यावर काळा ढग आणि बाजूला पाच मुद्दे. मूल एकटं राहू लागलं, झोप बिघडली, भूक बदलली, आवडत्या गोष्टींतून मन उडालं, अभ्यासात एकदम मागे पडलं, तर दुर्लक्ष करू नका. हे पोस्टर मी लावलेलं आहे. स्टुलावर चढून, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून, सरळ लागलंय की नाही हे दोन पावलं मागे जाऊन तपासून. ज्या आठवड्यात मी ते लावलं त्या आठवड्यात माझी स्वतःची मुलगी धुळ्याच्या वसतिगृहात खोलीतून बाहेर पडत नव्हती. चार दिवस ती कॉलेजला गेली नव्हती आणि हे मला माहीत होतं. वसतिगृहाच्या मॅडमचा फोन आला होता. मी त्यांना म्हणालो होतो, "आळस आहे मॅडम, दुसरं काही नाही. मी बोलतो तिच्याशी."

बोललो. कसा बोललो ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

मी जळगावात मराठी शिकवतो. मेहरूणमध्ये घर आहे, तलावापासून चालत दहा मिनिटांवर. बायको, मी आणि ही एकुलती एक मुलगी. ती धुळ्यात फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. व्याकरण, शुद्धलेखन आणि अर्थच्छटा या तीन गोष्टींवर मी उभं आयुष्य काढलं. एका शब्दाचे चार अर्थ कसे होतात हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की तेवढा खडू एका जागी ठेवला तर त्याखाली मी सहज गाडला जाईन. गाडलं जायला हवं होतं, असंही कधी कधी मनात येतं. पण तो विषय वेगळा.

तर ते पोस्टर. जानेवारीत शिक्षकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, विषय मुलांचं मानसिक आरोग्य. प्रत्येक शाळेने एक शिक्षक पाठवायचा होता. गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम राहिला होता, विज्ञानाच्या बाईंची प्रात्यक्षिकं होती. मराठी काय, सगळ्यांना येतंच, म्हणून मला पाठवलं. तिथे एक गृहस्थ पडद्यावर आलेली वाक्यं मोठ्याने वाचून दाखवत होते. ती वाक्यं आम्हालाही दिसत होती. पडद्यावर 'लक्षणे' या शब्दावर एक फाजील अनुस्वार पडला होता. दोन दिवसांत मी वहीत टिपून घेतलेली ती एकमेव गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर मला छान डुलकी लागली. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. ते घेतानाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. मुलीने धुळ्याहून अंगठा पाठवला.

नंतर पालकसभेत मी याच विषयावर वीस मिनिटं बोललो. पाच मुद्दे वाचून दाखवले आणि पदरची थोडी फुलं-पाखरं घातली. टाळ्या पडल्या. एक पालक हात जोडून म्हणाले, "सर, तुमच्या घरी जन्माला येणाऱ्या मुलाचं भाग्यच म्हणायचं." मी नम्रपणे मान हलवली. ती मान तेव्हाच कुणीतरी धरायला हवी होती.

आता त्या पाच मुद्द्यांचं माझ्या घरात काय चाललं होतं ते सांगतो.

दिवाळीला मुलगी घरी आली तेव्हा बायको मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "अहो, तिने केस विंचरलेले नाहीत. तीन दिवस झाले. बघितलंत का?"

"फॅशन आहे," मी म्हणालो.

"फॅशन काय? गुंता झालाय नुसता."

"तीच फॅशन आहे."

 संध्याकाळी बायकोने मीठ-मोहऱ्या घेऊन मुलीची दृष्ट काढली. मी सोफ्यावर बसून त्या अंधश्रद्धेला हसलो. आज विचार करतो, निदान तिला काहीतरी उतरवायचं आहे एवढं तरी कळलं होतं. मला ताटातल्या चकल्या कळत होत्या.

ही तीच मुलगी, जी भरतात मिरची कमी पडली तर घर डोक्यावर घ्यायची. माझ्या वाक्यावाक्याला हरकत घ्यायची. कॉलेजमधल्या कुणाची तरी नक्कल करून आम्हाला हसवायची. त्या दिवाळीत ती सांगितलं तेवढं करत होती. बस म्हटलं की बसत होती, जेव म्हटलं की जेवत होती. मी बायकोला म्हणालो, "शहाणी झाली बघ पोरगी."

नोव्हेंबरात तिचा एक मेसेज आला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, म्हणून जसाच्या तसा देतो. 'पप्पा मला इथे करमत नाहि. सकाळी उठवतच नाहि. येऊ का घरी?'

त्यावर मी काय लिहिलं? मी लिहिलं, 'नाही. ही दीर्घ. दोनदा चुकलीस.' आणि खाली एक सुविचार. मी शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहितो, तोच तिलाही पाठवायचो. त्या दिवशीचा संकटांना संधी मानण्याबद्दल होता. तिने अंगठा पाठवला. ती रोजच अंगठा पाठवायची आणि मी तो उत्तम प्रकृतीचा दाखला समजून बसलो होतो.

हिवाळ्यात आमच्याकडे भरताच्या पार्ट्या होतात. शेतात तुरीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, जागेवरच ठेचायची, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात आणि बरोबर कुणाची ना कुणाची टिंगल. त्या वर्षी आमच्या क्रीडाशिक्षकांच्या आसोद्याकडच्या शेतात होती. मुलगी परीक्षा संपवून आली होती, तिलाही नेलं. सगळे शेकोटीभोवती बसले आणि ती विहिरीच्या कठड्यापासून थोडं अलीकडे, एका पोत्यावर, हातात द्रोण धरून बसून राहिली. द्रोणातलं भरीत थंड होऊन त्यावर तेल साकळलं होतं.

क्रीडाशिक्षक आले. माणूस मनाने वाईट नाही, पण बोलतो मैदानात बोलल्यासारखा. "काय फार्मासिस्ट! तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

ती म्हणाली, "काही नाही सर."

"डिप्रेशन-बिप्रेशन आलं की काय? हल्ली फार निघालंय ते. आमच्या वेळी डिप्रेशनला वेळच नव्हता. रोज पाच किलोमीटर पळ, पळून जाईल."

"कोण पळून जाईल सर, डिप्रेशन की पोरगी?" दुसरा कुणीतरी म्हणाला आणि सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मला भीती वाटली होती की मी नाही हसलो तर लोकांना वाटेल, खरंच काहीतरी आहे.

हे वाक्य लिहिताना मला थांबावं लागलं. कारण याचा अर्थ असा होतो की मला माहीत होतं. पोस्टरवरचं नाही, माझं माझं माहीत होतं. आणि ज्याला माहीत आहे तोच इतक्या मोठ्याने हसतो.

यानंतर प्रशिक्षण, मग पोस्टर, मग वसतिगृहाच्या मॅडमचा तो फोन. आणि महाशिवरात्रीला मुलगी घरी आली. त्याच दिवशी तिचा निकालही लागला होता. तीन विषय राहिले होते. मी तिला पुढच्या खोलीत उभं केलं. बायको आत उपवासाची भगर ढवळत होती, तिचा डाव थांबल्याचं मला ऐकू आलं.

"तीन विषय," मी म्हणालो. "चार-चार दिवस कॉलेजला जायचं नाही, खोलीत लोळत पडायचं. काही वाटतं का तुला?"

आपल्याकडे हा प्रश्न नसतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. माझ्या वडिलांनी हे वाक्य मला शेकडो वेळा ऐकवलं असेल. त्याला उत्तर द्यायचं नसतं. मान खाली घालायची, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायची, संपलं. पण मुलीने मान खाली घातली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तिला पहिल्यांदाच काहीतरी खरं विचारलं होतं, आणि तिने विचार करून उत्तर दिलं.

"नाही पप्पा. काहीच वाटत नाही."

मी मराठीचा शिक्षक. शब्दाच्या छटांचा व्यापारी. मला एकच छटा ऐकू आली. निर्लज्जपणाची. मी आत ओरडून म्हणालो, "ऐकलंस? वर तोंड करून सांगतेय, काहीच वाटत नाही म्हणून!" आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद केलं. सुविचार मात्र रोज जात होते.

धुळ्यात देवपूरला माझी मोठी बहीण राहते. अक्का. तिने अंगणवाडीत मदतनीस म्हणून सगळी नोकरी काढली. म्हणजे पोरांना हाताला धरून आणायचं, त्यांची नाकं पुसायची आणि खिचडी वाढायची. कोणतं पोर कसं जेवतं यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते तिला कळायचं. आम्ही शिकलेली भावंडं तिच्या या विद्येला हसायचो. ती घरात अहिराणी बोलते. मी माझ्या घरात अहिराणी बंद केली होती, मुलीची भाषा बिघडू नये म्हणून. मुलगी दर रविवारी आत्याकडे जेवायला जायची.

मार्चमधल्या एका शनिवारी अक्काचा फोन आला.

"भाऊ, उद्या इकडे ये."

"काय झालं?"

"पोरले चव लागस नही."

मी हसलो. "चव लागत नाही म्हणून बस धरून धुळ्याला येऊ? वसतिगृहाचं जेवण खाऊन जीभ मेली असेल. सोमवारी माझी घटक चाचणी आहे अक्का."

"तुनी चाचणीले चुलीमा घाल," अक्का म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. तिने माझा फोन असा ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

रविवारी सकाळी एसटीत बसलो. एरंडोल गेलं, पारोळ्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. मी बसूनच होतो. मनात भाषण तयार करत होतो. त्यात कष्टाचं महत्त्व होतं, माझं बालपण होतं, एक सुविचारही होता. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत मी ते भाषण दोनदा सुधारलं.

अक्काकडे पोचलो तेव्हा मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ती "आलात पप्पा?" म्हणाली, बस कंडक्टरने तिकीट विचारावं तशा आवाजात. अक्काने दोन ताटं वाढली. वरण-भात आणि गिलक्याची भाजी. मी पहिला घास घेतला. भाजीत मीठ नव्हतं. वरणात इतकं होतं की घास तोंडात फिरेना.

"अक्का, मीठ—"

अक्काने नुसता हात वर केला. "तुले कळनं. आते तिना ताटकडे दख."

मी मुलीच्या ताटाकडे बघितलं. ती जेवत होती. त्याच भांड्यातलं वरण, तीच भाजी. एक घास, मग दुसरा, एका लयीत, कुठेही न थांबता, तोंड जराही वाकडं न करता. पाण्याकडे हात गेला नाही. अर्धं ताट संपलं होतं.

मुलगी हात धुवायला मोरीत गेली तेव्हा अक्का हळू आवाजात म्हणाली, "त्या रईवारले मी खरंच मीठ भुलनू. तिनी बठ्ठं खादं. मंग पुढला रईवारले मुद्दाम दुप्पट टाकं. तेबी बठ्ठं खादं. ही पोर उपाशी ऱ्हाती ते माले चिंता नव्हती भाऊ. उपाशी पोर रडस. ही खाई ऱ्हायनी, पन आठे नही शे."

आठे नही शे. इथे नाही. जे मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कळलं नाही, ते अक्काने मिठाच्या डब्यातून शोधून काढलं होतं.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "आधी रक्त तपासून घेऊ. हिमोग्लोबिन असेल."

"रगत तपास, ना नही. पन सरकारी दवाखानामा मनना डाक्टर बसतस. मी बाया लई गयथू तठे, बाळतीण बाया. उद्या तिले तठे ली चाल."

"मनाच्या डॉक्टरकडे इथे नको अक्का. नाशिकला जाऊ. तिथे ओळखीचं कुणी—"

अक्काने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती अंगणवाडीत दुसऱ्याच्या ताटातली खिचडी पळवणाऱ्या पोराकडे बघत असणार. तिने फोन उघडला, घरच्या ग्रुपवर मी टाकलेला पोस्टरचा फोटो काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "आठे काय लिखेल शे मास्तर? नाशिकले जा असं लिखेल शे?"

मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चला." तिला कुठेही न्यायला हरकत नव्हती. नेमकी तीच तर भीती होती.

सोमवारी गेलो. खानदेशच्या उन्हात सगळ्याच मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरतात, पण मी रिक्षातून उतरताना मुलीला तो नीट गुंडाळायला लावला. दवाखान्याच्या फाटकात धुळ्यातला कुणी ओळखीचा शिक्षक भेटला तर काय सांगायचं, हेही ठरवून ठेवलं होतं. दाढदुखी. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात हे चाललं होतं, हे मी लपवणार नाही.

डॉक्टर तरुण बाई होत्या. माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. आधी बराच वेळ त्या मुलीशी एकट्या बोलल्या. मग मुलीला विचारून त्यांनी मला आणि अक्काला आत बोलावलं. मी खुर्चीत टेकेपर्यंत त्यांनी मुलीला पुन्हा एक प्रश्न विचारला, शांतपणे, ताप कधीपासून आहे असं विचारावं तसा.

"मघाशी तू मला जे सांगितलंस, ते यांच्यासमोर बोललं तर चालेल? जगू नये असं वाटतं का?"

मी खुर्चीतून अर्धा उठलो. "मॅडम, असलं काही विचारू नका. तिच्या डोक्यात नसेल तर येईल."

"विचारल्याने येत नाही सर," त्या म्हणाल्या. "आलेलं असतं तर सांगायला वाट मिळते. बसा."

मुलगी म्हणाली, "येतो तसा विचार. रोज नाही."

अक्काने तिचा हात धरला. मी भिंतीवरच्या पंख्याच्या बटणांकडे बघत राहिलो. पाच बटणं होती, त्यातलं एक तुटलेलं.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

म्हणजे केसांच्या आधीपासून. चकल्यांच्या, भरताच्या, माझ्या त्या हसण्याच्या आधीपासून.

"आणि एरवी? दिवसभर काय वाटतं?"

"काहीच वाटत नाही," मुलगी म्हणाली. मग मला टोचावं म्हणून नाही, केवळ नोंद अपुरी राहू नये म्हणून तिने पुढे सांगितलं, "पप्पांना सांगितलं होतं मी. महाशिवरात्रीला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच फार लागलं. माझी मान खाली गेली. पायाचा अंगठा फरशी उकरू लागला. वडिलांनी शिकवलेलं विसरत नाही माणूस.

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं. काही दिवस तिला घरी ठेवा, एकटं सोडू नका, पुन्हा तसा विचार आला तर तिने कुणाला सांगायचं हे आत्ताच ठरवा, असं म्हणाल्या. "कुणाला सांगशील?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "आत्याला." माझं नाव आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर आत्याचा नंबर लिहिला आणि त्याखाली दवाखान्याचा.

जळगावच्या परतीच्या गाडीत मी मुलीला म्हणालो, "तू आधीच घरी का नाही आलीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"मी? कधी?"

तिने फोन काढून नोव्हेंबरचा तो मेसेज दाखवला. येऊ का घरी? आणि त्याखाली माझं उत्तर, पहिलाच शब्द. नाही.

मी तिला शुद्धलेखन सांगत होतो. तिने ते उत्तर म्हणून वाचलं होतं. आणि कुणीही तसंच वाचलं असतं. पुढे माझं ते 'ही दीर्घ' होतंच, पण जिला सकाळी उठवत नाही ती वेलांटी वाचत बसत नाही.  पारोळ्याला म्हणालो, "ते उत्तर नव्हतं." ती म्हणाली, "बरं."

इथे हे सांगायला हवं की हे सगळं मी तिला दाखवून लिहितो आहे. पहिल्या खर्ड्यात मी तिला तीन ठिकाणी 'बिचारी' लिहिलं होतं. तिने माझीच लाल शाई घेऊन तिन्ही ठिकाणी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'अनावश्यक विशेषण'.

एवढं होऊन मी सुधारलो असेन, असं वाटत असेल तर माझी अजून नीट ओळख झालेली नाही. घरी आल्यावर मी पहिलं काम हे केलं की मुलीसाठी एक आजार शोधला. थायरॉईड. त्याची गोळी रोज घ्यावी लागते, माणूस थकतो, केस गळतात, आणि लग्नाच्या बाजारात तो चालतो. बायकोला मी ताकीद दिली. ती म्हणाली, "अहो, खोटं किती दिवस?" मी म्हणालो, "लग्न होईपर्यंत." शेजारपाजार, नातेवाईक, शाळा, सगळीकडे थायरॉईड पसरला. लोकांनी धण्याचं पाणी सुचवलं, कोबी बंद करायला सांगितलं. एका मावशींनी शिरपूरच्या कुणा वैद्याचा काढा आणून दिला. माझी मुलगी या गर्दीतून रोज सकाळी उठून तिची खरी गोळी घ्यायची, आणि दर सोमवारी मी किंवा बायको तिला धुळ्याला घेऊन जायचो. सुविचार मी बंद केले होते. कुणी सांगितलं नव्हतं. पाठवायला बोटच उचलत नव्हतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी क्रीडाशिक्षक आंब्यांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. चप्पल काढता काढताच त्यांनी मैदानातल्या आवाजात विचारलं, "काय सर, कशी आहे पोरगी? शाळेत म्हणत होते, कॉलेज सोडलं म्हणून."

"सोडलं कसलं. सुट्टी घेतलीय. थायरॉईड हो."

"तरीच! मी म्हणत होतो ना तेव्हा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड. थायरॉईडच तो. माझ्या मेहुणीला—"

आतल्या खोलीचं दार उघडलं. मुलगी बाहेर आली. केस विंचरलेले होते, घट्ट वेणी घातली होती, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. दिवाळीपासून तिच्या चेहऱ्यावर मी कोणताच रंग पाहिला नव्हता.

"पप्पा," ती म्हणाली, "काही वाटतं का तुम्हाला?"

स्वयंपाकघरात बायकोचा हात थांबला. क्रीडाशिक्षक आंब्यांची पिशवी धरून उभेच राहिले. माझी मान सवयीने खाली गेली आणि अंगठा फरशीवर फिरू लागला.

"खाली काय बघताय? मी विचारतेय. उत्तर द्या ना."

पन्नास वर्षांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आणि मी इतक्या वेळा विचारला, पण उत्तर हवं म्हणून तो कधीच कुणी विचारला नव्हता. मी मान वर केली. शब्द सापडेना. मराठीच्या शिक्षकाला एक शब्द सापडेना.

"वाटतं," मी म्हणालो.

"काय वाटतं?"

"भीती."

"कशाची? लोकांची?"

"लोकांची पण." मग मी क्रीडाशिक्षकांकडे बघितलं, कारण तिच्याकडे बघून पुढचं बोलता आलं नसतं. "थायरॉईड वगैरे काही नाही सर. तिला डिप्रेशन आहे. जगू नये असं तिला वाटत होतं. तिने मला सांगितलं होतं आणि मी तिला निर्लज्ज ठरवलं. तुमच्या शेतात मी हसलो, तेव्हाही मला कळत होतं. मला भीती वाटते, की अक्का मीठ विसरली नसती तर—"

 क्रीडाशिक्षक एकदा माझ्याकडे, एकदा मुलीकडे बघत होते. पाच किलोमीटरचा सल्ला देणारा तो माणूस पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. शेवटी म्हणाला, "हिच्याकडे बघून वाटत नाही हो."

"तेच तर, सर," मुलगी म्हणाली. "वाटत नाही." आणि तिला हसू आलं. बारीक, तिरकं, आमच्या दोघांच्या अकलेची कीव करणारं. ते हसू मी ओळखलं. लहानपणापासून ती माझी वाक्यं खोडून काढताना असंच हसायची.

मी अजून वाक्याच्या मध्येच अडकलो होतो. तोंड उघडं, हात हवेत. तिने क्रीडाशिक्षकांच्या हातून आंबे घेतले, वास घेऊन बघितला आणि नाक मुरडलं. "कच्चे आहेत," ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढली.

"बसा सर. चहा टाकते. पप्पांना जरा वेळ लागतो."